भूस्थिर उपग्रहाची कक्षा: चार गटांची चार उत्तरे

विट्याला अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमनी प्रश्न विचारला आहे, तो थोडक्यात असा. त्यांनी वर्गाचे चार गट करून भूस्थिर उपग्रहाच्या, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरून आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या उपग्रहाच्या, कक्षेची त्रिज्या काढायला सांगितली, तेव्हा उत्तरे ४२,३४०, ४२,२९८, ४२,२४१ आणि ४२,१६४ किलोमीटर अशी चार आली. कोणाचीही आकडेमोड चुकलेली नाही. मग बरोबर उत्तर कोणते समजायचे, आणि पुस्तकातल्या ३६,००० किलोमीटरशी त्याचा मेळ कसा घालायचा? एका मुलाने शेवटी विचारले की, हा उपग्रह आपल्या विट्याच्या डोक्यावर का उभा करत नाहीत.

मॅडम, साताऱ्यात हा विषय मी एकतीस वर्षे शिकवला आणि त्याआधी दोन वर्षे लोकांच्या गच्च्यांवर डिश बसवण्याचे काम केले, त्यामुळे या आकड्याशी माझी ओळख खडूची आहे तशी पान्याचीही आहे. उत्तर आधी सांगतो: ४२,१६४ किलोमीटर हे बरोबर आहे. उरलेल्या तिन्ही उत्तरांत एक चूक सामाईक आहे आणि ती आकडेमोडीची नसून समजुतीची आहे, ती म्हणजे आवर्तकाल (एका फेरीला लागणारा वेळ) २४ तास धरणे. पहिल्या दोन उत्तरांत तिच्यावर आणखी स्थूल किमतींची भर पडली आहे. परीक्षेत चौघांनाही पूर्ण गुण द्यावेत, परंतु वर्गात या दोन प्रकारच्या चुका एका मापाने मोजू नयेत.

समीकरण चौघांचे एकच आहे. उपग्रहाला वर्तुळात फिरत ठेवण्यासाठी जे अभिकेंद्री बल लागते, ते पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाखेरीज दुसरे कोणी पुरवत नाही, म्हणून दोन्ही राशी समान मांडायच्या. तसे मांडताच उपग्रहाचे वस्तुमान दोन्हीकडून निघून जाते आणि हाती राहते ते असे:

त्रिज्येचा घन = (जीएम × आवर्तकालाचा वर्ग) ÷ (४ × पायचा वर्ग); इथे जीएम म्हणजे गुरुत्व स्थिरांक (जी) गुणिले पृथ्वीचे वस्तुमान (एम)

वस्तुमान निघून जाते हे मुले मान हलवून ऐकतात, पण त्यांना ते पटलेले नसते. त्यांना सांगावे की, १९८१ साली सोडलेला आपला पहिला प्रायोगिक संदेशवहन उपग्रह ॲपल सुमारे ६७० किलोचा होता आणि २०१८ साली सोडलेला जीसॅट-११ हा ५,८५४ किलोचा. दोन्हींची कक्षा मात्र एकाच त्रिज्येची. उडवायला इंधन किती लागेल यात वस्तुमानाला महत्त्व आहे, कुठे उभे राहायचे यात नाही.

आता आकडे. मी मुलांना मीटर सोडून किलोमीटर वापरायला लावतो, कारण मग दहाचे घात सांभाळत बसावे लागत नाही. जीएम हा गुणाकार ३,९८,६०० घन किलोमीटर प्रति वर्ग सेकंद. आवर्तकाल २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंद, म्हणजे ८६,१६४ सेकंद. त्याचा वर्ग सुमारे ७४२.४२ कोटी. या दोहोंचा गुणाकार करून ३९.४७८ ने, म्हणजे पायच्या वर्गाच्या चौपटीने, भागले की येतात ७४.९६ लाख कोटी घन किलोमीटर. इथे आपली मोजण्याची पद्धत अनपेक्षितपणे उपयोगी पडते: एक लाख कोटी म्हणजे एकावर बारा शून्ये आणि त्याचे घनमूळ बरोबर दहा हजार. म्हणून उरले फक्त ७४.९६ चे घनमूळ. ४ चा घन ६४, ४.२ चा घन ७४.०८८; कमी पडले ०.८७२. त्याला ४.२ च्या वर्गाच्या तिपटीने, म्हणजे ५२.९२ ने, भागले तर ०.०१६५ येतात. ४.२१६५ गुणिले दहा हजार, म्हणजे ४२,१६५ किलोमीटर. कॅल्क्युलेटर नाही, लॉग टेबल नाही, आणि चूक फक्त एका किलोमीटरची. फळ्यावर हे सोडवताना मागच्या बाकावरची मुलेसुद्धा वही उघडतात, असा माझा अनुभव आहे.

बोर्डाच्या परीक्षेसाठी लॉग टेबलची रीत दाखवावी लागतेच. ३,९८,६०० चा लॉग ५.६००५, ८६,१६४ चा ४.९३५३, त्याची दुप्पट ९.८७०६, बेरीज १५.४७११, त्यातून ३९.४८ चा लॉग १.५९६४ वजा केला की १३.८७४७, तिसरा हिस्सा ४.६२४९, आणि अँटिलॉग ४२,१६०. चार अंकी टेबलकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

चार गटांनी काय केले असावे, हे त्यांच्या उत्तरांवरूनच ओळखता येते. ४२,२४१ वाल्यांनी जीएम नेमका घेतला आणि आवर्तकाल २४ तास धरला. ४२,२९८ वाल्यांनी २४ तासांबरोबर ६.६७ चा गुरुत्व स्थिरांक आणि पृथ्वीचे वस्तुमान ६ वर चोवीस शून्ये असे घेतले, त्यामुळे जीएम अर्ध्या टक्क्याच्या आत-बाहेर वाढला. ४२,३४० वाल्यांनी जीएमऐवजी गुरुत्व त्वरण ९.८ गुणिले ६,४०० किलोमीटरचा वर्ग घेतला. ६,४०० हा आकडा सोयीसाठी वर ओढलेला आहे, विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ आहे, आणि वर्ग केल्यावर ही ओढाताण दुप्पट होते, ९.८ मात्र मूळ किमतीच्या अगदी जवळ आहे. एकूण जीएम ०.७ टक्क्याने फुगतो. घनमूळ घेताना ही चूक तिसऱ्या हिश्शावर येते, म्हणून त्रिज्येत फरक दिसतो तो पाव टक्क्याहूनही कमी. घनमूळ हा फार दयाळू परीक्षक आहे.

यावरून एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. गुरुत्व स्थिरांक प्रयोगशाळेत मोजणे इतके अवघड आहे की तो चार-पाच अंकांपलीकडे खात्रीने माहीत नाही, आणि पृथ्वीचे वस्तुमान त्याच्यावरच अवलंबून असल्याने तेही तितकेच अनिश्चित आहे. दोहोंचा गुणाकार मात्र उपग्रहांच्या प्रत्यक्ष गतीवरून नऊ-दहा अंकांपर्यंत माहीत आहे. म्हणून कक्षेचे गणित करणारा माणूस जी आणि एम वेगवेगळे घेतच नाही. मुलांनाही जोडीने घ्यायला शिकवावे.

आता २४ तासांची गोष्ट, जी माझ्या मते या प्रश्नाचा गाभा आहे. उपग्रहाने पृथ्वीबरोबर फिरायचे आहे, सूर्याबरोबर नाही. दुपारच्या बारापासून पुढच्या दुपारच्या बारापर्यंत जे २४ तास होतात, तेवढ्या वेळात पृथ्वी स्वतःभोवती एका फेरीपेक्षा थोडी जास्त फिरलेली असते, कारण त्या दिवसभरात ती सूर्याभोवतीही जवळजवळ एक अंश पुढे सरकते आणि सूर्याला पुन्हा समोर आणण्यासाठी तिला तेवढे अधिक वळावे लागते. ताऱ्यांच्या संदर्भात एक पूर्ण फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत होते. त्याला आपल्याकडे नाक्षत्र दिन हा शब्द आहे, आणि तो शब्द मुलांच्या घरात आधीच आहे. फक्त कोणी जोडून दाखवलेला नसतो. ७ जूनच्या सुमारास मृग निघतो, मग आर्द्रा, मग पुनर्वसू, आणि प्रत्येक नक्षत्राला तेरा-चौदा दिवस, हे खटाव-खानापूरकडच्या कोणत्याही शेतकऱ्याच्या तोंडी असते. हे तेरा-चौदा दिवस आले कुठून? सूर्य ताऱ्यांमधून दिवसाला जवळजवळ एक अंश सरकतो आणि एका नक्षत्राचा पल्ला १३ अंश २० कलांचा. तोच एक अंश, पृथ्वीच्या फिरण्याच्या वेगाने भागला की चार मिनिटे. पेरणीचे गणित आणि उपग्रहाचे गणित इथे एकाच आकड्यावर उभे आहे.

पडताळा पाहायचा असेल तर जानेवारीत मुलांना संध्याकाळी गच्चीवर एक जागा खुणेने पक्की करून द्यावी आणि तिथून मृगातला एखादा ठळक तारा समोरच्या पाण्याच्या टाकीच्या कडेला केव्हा येतो याची वेळ लिहून ठेवायला सांगावी. पंधरा दिवसांनी तोच तारा त्याच कडेला सुमारे एक तास आधी येतो.

आता समजा, कोणी खरोखरच उपग्रह ४२,२४१ किलोमीटरवर ठेवला. त्याला फेरीला बरोबर २४ तास लागतील, पृथ्वी त्याच्या चार मिनिटे पुढे राहील, आणि तो रोज जवळजवळ एक अंश पश्चिमेकडे मागे पडेल. त्या उंचीवर एक अंश म्हणजे सुमारे ७३६ किलोमीटर. घरगुती साठ सेंटिमीटरची डिश दीड अंशाची चूक कशीबशी सोसते. म्हणजे दोन दिवसांत पडदा काळा, आणि वर्षभराने उपग्रह पृथ्वीला उलटी प्रदक्षिणा घालून परत जागेवर. वर्षात दिवस ३६५ आणि पृथ्वीच्या फेऱ्या ३६६, त्यातली ती जादा फेरी हीच. ४२,३४० वर ठेवला तर फेरीला २४ तास ५ मिनिटे लागतील आणि मागे पडणे दिवसाला सव्वादोन अंश होईल. ४२,२४१ आणि ४२,१६४ यांतला ७७ किलोमीटरचा फरक कागदावर ०.२ टक्के दिसतो, आकाशात मात्र तो साठत जातो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाने उत्तरपत्रिकेत ८६,१६४ सेकंद घेतले होते आणि मी ‘आवर्तकाल २४ तास घ्यावा’ असा लाल शेरा मारून त्याचा अर्धा गुण कापला होता. तो मुलगा भांडला नाही. चूक माझी होती हे मला पुढे कळले, तोवर तो साताऱ्यातून निघून गेला होता.

पुस्तकातल्या ३६,००० शी मेळ घालणे सोपे आहे. ४२,१६४ हे पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर; त्यातून ६,३७८ वजा केले की विषुववृत्ताच्या पृष्ठभागापासूनची उंची ३५,७८६ किलोमीटर येते, आणि तीच ३६,००० म्हणून लिहितात. केंद्र आणि पृष्ठभाग यांतली गल्लत ही परीक्षेतली सर्वात सामान्य चूक आहे आणि तिथे गुण कापायला माझी हरकत नाही. ताळा म्हणून वेग काढून पाहावा: सेकंदाला ३.०७ किलोमीटर. त्यावरून अभिकेंद्री त्वरण ०.२२४ मीटर प्रति वर्ग सेकंद येते. दुसऱ्या बाजूने ९.८ ला ६.६१ च्या वर्गाने भागले, कारण त्रिज्या पृथ्वीच्या त्रिज्येच्या ६.६१ पट आहे, तरी तेवढेच. दोन वाटांनी एकच आकडा आला की मुलांचा समीकरणावर विश्वास बसतो. याहून बारीक जायचे तर पृथ्वीचा विषुववृत्ताकडचा फुगवटा विचारात घ्यावा लागतो, पण त्याने त्रिज्या अर्ध्या किलोमीटरच्या आसपासच वाढते, तेव्हा वर्गात ती वाट धरू नये.

उपग्रह विट्याच्या डोक्यावर का नाही, हा तुमच्या वर्गातल्या मुलाचा प्रश्न मात्र चांगला आहे, त्याला टाळू नका. उपग्रहाला ओढणारे बल पृथ्वीच्या केंद्राकडे असते, म्हणून त्याच्या कक्षेचे प्रतल केंद्रातून जाणारच. विट्याच्या डोक्यावर कायम राहायचे तर त्याला १७ अंश उत्तरेच्या अक्षवृत्ताच्या समांतर फिरावे लागेल, आणि त्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीच्या केंद्रात नसून अक्षावर उत्तरेला सरकलेले आहे. तिकडे ओढणारे कोणी नाही. कक्षा कललेली ठेवून आवर्तकाल तोच राखता येतो, पण मग उपग्रह दिवसभरात उत्तर-दक्षिण असा आठाच्या आकड्यासारखा हिंडतो. त्याला भूसमकालिक म्हणतात. भूस्थिर व्हायचे तर विषुववृत्ताखेरीज जागा नाही.

डोक्यावर नसला तरी आपल्या रेखावृत्तावर मात्र उपग्रह आहेत, आणि हा सातारा-सांगलीकरांसाठी खास योग आहे. सातारा शहर जवळजवळ बरोबर ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि भारताची एक महत्त्वाची जागा ७४ अंशांवरच आहे. हवामानाची छायाचित्रे पाठवणारा, २०१६ साली सोडलेला इन्सॅट-३डीआर तिथेच आहे आणि वर सांगितलेला जीसॅट-११ सुद्धा. त्याहून गंमत म्हणजे पृथ्वीचे विषुववृत्त काटेकोर वर्तुळ नसून किंचित लंबगोल असल्याने भूस्थिर कक्षेत दोनच स्थिर जागा आहेत, त्यातली एक ७५ अंश पूर्वेच्या लगत येते, आणि ते रेखावृत्त सांगली जिल्ह्यात कवठे महांकाळ आणि जत यांच्या दरम्यानून जाते. इंधन संपलेले, सोडून दिलेले काही उपग्रह वर्षानुवर्षे या रेषेच्या अल्याड-पल्याड झोके घेत राहतात. ७४ अंशांवरच्या उपग्रहाला पूर्व-पश्चिम धरून ठेवायला म्हणून फार कमी इंधन लागते. उत्तर-दक्षिण ओढ मात्र चंद्र-सूर्यामुळे सगळीकडेच असते, आणि कक्षेचा कल वर्षाला पाऊण ते एक अंश या प्रमाणात वाढू नये म्हणून इंधनाचा मोठा वाटा तिथेच खर्च होतो.

शेवटी, हे अंतर स्वतःच्या गच्चीवरून ताडून पाहता येते, आणि मला वाटते की तुमच्या वर्गाने ते करावे. साताऱ्याचा अक्षांश १७.७ अंश. उपग्रह अनंत अंतरावर असता, तर ७४ अंशांवरचा उपग्रह दक्षिणेला क्षितिजापासून ७२.३ अंशांवर दिसला असता. प्रत्यक्षात तिकडे रोखलेल्या डिशचा कोन ६९.२ अंश येतो. हे जे तीन अंश कमी पडतात, त्यांतच त्याचे अंतर दडलेले आहे. मात्र घरच्या डिशचा कोन मोजून हे काढायला जाऊ नका. त्या डिश ऑफसेट प्रकारच्या असतात, बशी जितकी उभी दिसते त्याहून तिची नजर वीस-पंचवीस अंश वर असते, आणि कंपनीगणिक हा फरक बदलतो. गच्चीवरच्या कामात माझी पहिली फजिती याच कारणाने झाली होती.

त्यापेक्षा सूर्य वापरावा. डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंशांवर आहे. साताऱ्याहून तो आग्नेयेला, साडेएकोणसाठ अंश उंचीवर येतो. वर्षातून दोनदा काही दिवस सूर्य नेमका त्याच्या मागून जातो आणि सकाळी अकराच्या आगेमागे काही मिनिटे चित्र फुटते किंवा जाते. उपग्रह फार दूर असता तर हे २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या विषुवदिनी झाले असते. माझ्या वहीत मधला दिवस मार्चमध्ये १२ किंवा १३ तारखेला आणि शरदात १ ऑक्टोबरच्या आसपास आहे. दोन विषुवदिनांत १८६ दिवस, या दोन तारखांत २०२. फरक सोळा, निम्मे आठ. त्या सुमारास सूर्य दिवसाला ०.३९ अंश उत्तर-दक्षिण सरकतो, म्हणजे उपग्रह विषुववृत्ताच्या ३.१२ अंश दक्षिणेला दिसतो. सातारा विषुववृत्ताच्या प्रतलापासून ६,३७८ गुणिले १७.७ अंशांची ज्या (साइन), म्हणजे सुमारे १,९३९ किलोमीटर उत्तरेला आहे. १,९३९ ला ३.१२ अंशांच्या स्पर्शज्येने (टॅन) भागले की प्रतलातले अंतर ३५,५०० च्या आसपास येते. चित्र जाण्याची वेळ मार्चमध्ये सव्वाअकरा आणि सूर्य माथ्यावर येण्याची पाऊण वाजता, म्हणजे दीड तासाचा, पर्यायाने २२.५ अंशांचा कोन. साताऱ्याचे पृथ्वीच्या अक्षापासूनचे अंतर ६,०७६ किलोमीटर. हा त्रिकोण सोडवला की केंद्रापासूनची त्रिज्या सुमारे ४१,२०० किलोमीटर मिळते. मधली तारीख एका दिवसाने चुकली तर उत्तर साडेचार हजारांनी हलते, म्हणून दोन्ही ऋतूंच्या नोंदी घेणे आणि चित्र पहिल्यांदा कधी फुटले आणि शेवटचे कधी, हे दोन्ही लिहिणे आवश्यक आहे. विट्यासाठी अक्षांश १७.३ आणि रेखांश ७४.५ घ्यावा, चित्र फुटण्याची वेळ साताऱ्यापेक्षा मिनिटभराने पुढे-मागे होईल, तारीख बहुधा तीच राहील.